मागची सीट

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि भिकाजीचा विश्वास बसेना.

शेवटचा बोटीवर गेला तेव्हा त्यानं ही येझदी पडवीत उभी करून वर गोणपाट टाकलं होतं. त्याला तीन वर्षं होत आली. मांडवीच्या हवेत दाराचे कोयंडे एका पावसात गंजतात. आणि ही गाडी धूर सोडत, जागच्या जागी थरथरत उभी होती.

"काकींचा हात," हरिश्चंद्र म्हणाला. नाक्यावर त्याचं गॅरेज होतं. "रोज पुसायच्या."

भिकाजीचा जन्म बोटीच्या इंजिनात गेला होता. नुसतं पुसून इंजिन राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्यानं मान डोलावली. त्याच्या बायकोनं, मथुरेनं, हात लावलेलं रोपसुद्धा कधी मेलं नव्हतं.

परसातल्या फणसाला तांब्याचा गडू टांगला होता, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला. अस्थी घरात आणत नाहीत. तार मिळून तो आला तेव्हा मथुरा अंथरुणाला खिळलेली होती. तिनं एकच मागितलं. "कन्याकुमारीला सोडा मला. एसटीनं नको. गाडीवरून न्या."

"तुला काय ठाऊक कन्याकुमारी?"

"तीन समुद्र मिळतात. वाळू तीन रंगांची असते."

कीर्तनात ऐकलं असेल, असं त्याला वाटलं. तो स्वतः त्या टोकाला वळसा घालून कितीदा गेला होता, पण बोटीवरून त्याला दिसला तो नुसता दिवा. मथुरा तर गाडीवरसुद्धा कधी बसली नाही. तो बोलवायचा, ती म्हणायची, "मागं मी बसायची नाही." भित्री आहे, तो म्हणायचा.

आता तिला एकदा तरी बसवायचं होतं. गाडी अर्ध्या वाटेत पडली तर तिचं मागणं रस्त्यातच राहणार होतं.

म्हणून दोघांनी गाडी सगळी खोलली. क्लच प्लेटा बदलल्या, कार्बोरेटर धुतला. मागचा टायर गुळगुळीत झाला होता.

"हा तर मी जाताना नवा घातलेला."

"खारी हवा, काका. उभ्या उभ्या खाते रबर."

साखळी काढताना हरिश्चंद्रानं चक्राच्या दातांमध्ये अडकलेलं काहीतरी ओढलं. हिरव्या लुगड्याची चिंधी, तेलानं काळी झालेली.

"पुसायचं फडकं असेल," तो म्हणाला आणि चिंधी खिशात घातली.

भिकाजीनं गिअरच्या दांडीखालून बोट फिरवलं. पुढच्या टोकाला, जिथं गिअर टाकताना पायाचं बोट खालून लागतं, तिथं एक खाच होती. अर्धगोल, आतून चकचकीत. त्यानं जन्मभर बूट घालून गाडी चालवली. बुटानं लोखंडाला खाच पडत नाही.

"बदलू का ती दांडी?" हरिश्चंद्रानं घाईनं विचारलं.

"चालतेय ना? मग राहू दे."

शेजारची यमुनाबाई रोज डोकावून जायची. नवरा लवकर गेलेली, तोंडाची फटकळ. मथुरेचा आणि तिचा एका ताटात हात.

"एवढी खोललीत, भावजी, आता जोडता येईल ना? की पोत्यात भरून न्यायची?"

"बघ तू, वहिनी."

"आणि गोव्यात जुआरी नदीच्या फेरीबोटीत चढवताना पुढचं चाक धरायला माणूस घ्या. फळी ओली असते. घसरते."

"तुला गो कोणी सांगितलं?"

"कान आहेत मला," ती म्हणाली आणि वळली.

निघायच्या सकाळी सगळी आळी रस्त्यावर आली. भिकाजीनं फणसावरून गडू उतरवला, नमस्कार केला आणि मागच्या सीटवर दोरीनं नीट आवळला. हँडलला दसऱ्याचा वाळका झेंडू होता. मथुरेनं मागच्या दसऱ्याला बांधलेला. तो त्यानं तसाच ठेवला.

आळीतलं कोणी रडत नव्हतं. बायका गाडीकडे बघत होत्या. देवळात बघतात तशा. म्हातारा भागोजी पुढं आला आणि त्यानं टाकीला हात लावून तो कपाळाला लावला.

यमुनाबाईनं भाकऱ्यांचं गाठोडं दिलं. मग पदराची गाठ सोडली. आत चांदीची दोन जोडवी होती.

"नवी घालून पाठवली तिला. ही रोजची. तीसुद्धा समुद्रात सोडा."

भिकाजीनं ती तळहातावर घेतली. एक धड होतं. दुसरं वरच्या अंगानं झिजून कागदासारखं पातळ झालं होतं. चांदी घरात चालून वरून झिजत नाही. त्याच्या बोटांना ते आधी कळलं.

तो गाडीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसला. झिजलेलं जोडवं त्यानं गिअरच्या दांडीखाली धरलं आणि वर दाबलं.

ते खाचेत बसलं. तसूभरही हललं नाही.

त्यानं वर पाहिलं. हरिश्चंद्र मातीत पाना शोधत होता. पाना त्याच्या हातातच होता.

"हरिश्चंद्रा," भिकाजी म्हणाला, "कुठवर नेली तिनं?"

हरिश्चंद्रानं यमुनाबाईकडे पाहिलं. यमुनाबाई पुढं झाली. तिनं मागच्या सीटवरची दोरी स्वतःच्या हातानं सोडली आणि गडू उचलून त्याच्या ओंजळीत दिला.

"हिला पुढं बांधा, भावजी, टाकीवर. कन्याकुमारीपर्यंत मागं मी बसले होते."