कड्यावरची बाई

कोयनेच्या जलाशयात लाँचवरून प्रवाशांना जंगल आणि पाखरं दाखवायचं काम जालिंदर लय आवडीनं करायचा. निर्जन कड्याजवळ आला, की हाक मारून तो प्रतिध्वनी ऐकवायचा.

१९७४ साली, धुक्याच्या एका सकाळी, लाँचमध्ये सांगलीच्या शाळकरी मुली होत्या. जालिंदरनं "ओऽऽ" अशी हाक दिली.

कड्यावरून बाईचा आवाज आला, "थांबा."

चालक धोंडिरामनं दचकून इंजिन बंद केलं. धुकं हटलं, तर अगदी समोर बुडालेल्या झाडाचं टोकदार खोड पाण्याबाहेर आलेलं.

मुली वाचल्या. जालिंदरनं भरल्या डोळ्यांनी कड्याकडं हात जोडले. "लय उपकार झालं, बाई. कोण हाय तुमी?"

मग त्याच्या कानाशी तोच आवाज मायेनं म्हणाला, "जेवलास का रं, जालिंदर?"