लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी

बाळ येशूची शप्पथ, यातलं अक्षरही खोटं निघालं तर माझी जीभ झडो! नात मारिसेलला अमेरिकेला न्यायचा अर्ज तिच्या गोऱ्या नवऱ्याने केलेला. मनिलातल्या व्हिसाच्या मुलाखतीत साहेबाने लग्नाचे फोटो चाळले. "लग्न खरंच झालंय ना, की व्हिसापुरतं नाटक? प्रत्येक फोटोत ही म्हातारी कोण?" मी ठणकावलं, "मीच ती! आमच्याकडे फोटोत तिघं असली की मधला मरतो. जोडप्याशेजारी सासू उभी राहिली की मी धावत जाऊन चौथी व्हायचे." "इथे दोघांमध्ये घुसून तुम्हीच तिघं केलीत की, आजीबाई!" "मधली मीच ना? माझी ऐंशी झाली, पोरं जगू देत." साहेब खदाखदा हसला. "असली आजी भाड्याने मिळायची नाही," म्हणत व्हिसा दिला. बरं, एवढंच बनवलं: आत सगळं मारिसेलच बोलली. मी बाहेर व्हिसा मिळू नये म्हणून जपमाळ ओढत होते.