बाहेरची भिंत

उद्यापर्यंत सध्याची भाड्याची जागा सोडायची होती, म्हणून मालनचा जीव थाऱ्यावर नव्हता. करी रोडचा हा फ्लॅट आज पक्का करायलाच हवा होता. टॉवर तिच्या पाडलेल्या चाळीच्याच जागेवर उठलेला.

ब्रोकर दीपक पाणी, पार्किंग, डिपॉझिट असं सांगत सुटला होता. ऐकता ऐकता स्वयंपाकघरात मालनचा हात सवयीने भिंतीकडे गेला आणि तिने दोन थापा मारल्या. चाळीत शेजारच्या राधाला चहाला बोलवायची ती खूण. पलीकडून राधाच्या तीन थापा यायच्या, म्हणजे 'आले'.

भिंतीतून तीन थापा आल्या.

"शेजारी कोण राहतं रे?"

"मावशी, ही बाहेरची भिंत. बाविसाव्या मजल्यावर पलीकडे कोण असणार?"

तिने खिडकीतून वाकून पाहिलं. भिंत गुळगुळीत, थेट खालपर्यंत गेलेली.

राधाला शेवटची साडी मालननेच नेसवली होती.

इतक्यात, बेल असूनही, कुणीतरी दारावर थाप मारली.

"ओनर आले वाटतं," म्हणत दीपक निघाला. 'उघडू नकोस' म्हणायला मालनने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते सवयीचंच.

"ये गं, दार उघडंच आहे."