हेतू

प्रौढांच्या इंग्रजी वर्गात इस्त्रीवाल्या मावशींची वही तपासताना सरांनी कपाळावर हात मारला. तेच वाक्य चौथ्यांदा चुकलं होतं: ‘आय कम हिअर फॉर टू सिट.’

“अहो मावशी, हेतू सांगताना नुसतं ‘टू’ लावायचं! हे ‘फॉर’ कशाला मध्ये घुसवता? आणि ‘सिट’ काय? इथे काय बसायला येता?” सरांनी तणतणत ‘फॉर’ खोडलं आणि ‘सिट’च्या जागी ‘लर्न’ लिहिलं.

मावशी ओशाळल्या. “‘फॉर’ चुकलंच, सर. पण पुढचं खरं आहे. दिवसभर दुकानात इस्त्रीपाशी उभी, घरी गेले की ओट्यापाशी उभी. बसायला मिळतं ते एवढा एक तास.”

सरांनी ‘लर्न’ खोडलं, पुन्हा ‘सिट’ लिहिलं आणि बरोबरची खूण केली.