मधल्या घरातला सर्व्हर

टक्-टक् असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. सरोजच्या सर्व्हरची हार्ड डिस्क गेली होती.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. घरगुती नेटवर्क हाच तिचा प्रोजेक्ट, त्यामुळे परीक्षक पुढच्या आठवड्यात थेट कोपरीतल्या तिच्या घरी येऊन तो बघणार होते. साल अठ्ठ्याण्णव. नवा सर्व्हर घ्यायचा तर आईच्या बांगड्याही पुरल्या नसत्या. हा सगळा संसार उभा राहिला तो शेजारच्या दोन काकांच्या जिवावर.

उजवीकडचे दामाजीकाका वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यातून रिटायर झाले, तिथून त्यांनी भंगारात निघालेले तीन कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणून दिले. डावीकडचे गोमाजीकाका जन्मभर वायरमन. त्यांनी गॅलरीतून वायर ओढून दिली. सरोजच्या एका खोलीत तीन यंत्रं मावेनात, तेव्हा दोघांनी एकेक आपल्या घरी ठेवून घेतलं. तिसरा तो सर्व्हर, मधल्या घरात दिवसभर चालू राहून बाकी दोघांना लागेल ते पुरवणारा. एवढं सख्ख्या नातलगांनीही केलं नसतं, असं सरोजला मनापासून वाटे.

अडचण एकच. दामाजी आणि गोमाजी सख्खे भाऊ होते, आणि बापाची होडी कुणी विकायला लावली यावरून त्यांचं बोलणं कायमचं बंद होतं. त्यांच्याच जागेवर ही बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा दोघांनी बिल्डरकडून मुद्दाम मधलं घर सोडून फ्लॅट घेतले. जिन्यात गाठ पडली तर एक जण चपलेचा अंगठा नीट करायला वाकायचा.

दोघांनाही बुद्धिबळाचं वेड. केलेल्या मदतीबद्दल त्यांनी एवढंच मागितलं, कॉम्प्युटरशी खेळायला मिळावं. सरोजने फुकटात मिळालेला प्रोग्राम टाकला. त्याने दोघांचाही चुटकीसरशी फडशा पाडला.

"हा काय खेळ झाला गो?" गोमाजीकाका भडकले. "माणसासारखा खेळतच नाय. ने तुझा डबा परत."

दामाजीकाकाही तेच म्हणाले, फक्त जरा मोठ्याने.

डबे परत आले असते तर प्रोजेक्टच बुडाला असता. मग सरोजने लबाडी केली. दामाजीकाकांची चाल गोमाजीकाकांच्या पडद्यावर जायची आणि त्यांची यांच्या पडद्यावर. मधे सर्व्हर, नुसता निरोप्या.

दोघेही खुलले. "हरायला आला का टाइमपास करतो गो तुझा कॉम्प्युटर," दामाजीकाका म्हणायचे. "नुसता हत्ती जपत बसतो, कंजूस मेला," असं गोमाजीकाकांचं म्हणणं, आणि म्हणताना हसू काही लपायचं नाही. सरोज मान डोलवायची आणि तिथून सटकायची.

आता डिस्क गेली म्हणजे चाली थांबल्या. कुणीतरी चौकशी करणार, बिंग फुटणार, आणि परीक्षक यायच्या आधीच वायर तुटणार. सरोज दोन्ही दारं चुकवून जा-ये करू लागली. डोंबिवलीला मैत्रिणीकडे, मालनकडे, खेपा झाल्या. शेवटी मालनच्या भावाने दुकानातली एक जुनी डिस्क शोधून दिली. शनिवारी सर्व्हर पुन्हा घरघरला तेव्हा सरोजला रडूच फुटलं.

पण ज्यांच्या उपकारावर हे उभं, त्यांनाच फसवून मार्क घेणं तिच्या जिवावर आलं. वायर तोडतील तर तोडोत. तिने मन घट्ट केलं आणि डावीकडची बेल वाजवली.

गोमाजीकाका सुपारी कातरत बसले होते. "ये गो बाय. कुठं गायब होतीस?"

"काका, रागावू नका. आठवडाभर माझा सर्व्हर बंद पडला होता. तुमचा डाव अर्धाच राहिला असेल. आणि खरं सांगायचं तर त्या कॉम्प्युटरमध्ये—"

"बंद?" काकांचा हात काही थांबला नाही. "काय सांगतेस गो! कालच त्यानं माझा वजीर मारला. वर चहात साखर कमी म्हणून कुरकुरला पण."