संदर्भ हवा

'मी दिनानाथ कुवळेकर. नायगावात राहतो. निवृत्त. पत्नी आशालता हिच्या निधनानंतर वेळ जाता जात नाही, म्हणून अधूनमधून इथे लिहिणार आहे. एक मुलगा, जितेश.'

एवढं टाइप करून त्यांनी जतन केलं. मग शेवटचं वाक्य डोळ्यांत खुपायला लागलं. त्यांनी ते खोडलं आणि पान पुन्हा जतन केलं. आता ते स्वच्छ दिसत होतं.

आंतरजालावरच्या मराठी ज्ञानकोशात नव्या माणसाने स्वतःची ओळख द्यायची पद्धत होती. कुणी पदव्या लिहायचं, कुणी छंद. फुकट राबायला आलेल्या माणसाला मुलं किती, याच्याशी कुणाला काय करायचं होतं?

जितेशने मनाविरुद्ध लग्न केलं होतं. मुलगी आपल्यातली नाही एवढं कळल्यावर दिनानाथांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. ती कोण, कुठली, हे आशालताबाई सांगायला लागल्या की ते टीव्हीचा आवाज वाढवत. आशालताबाई गेल्या तेव्हा जितेश एकटा आला, तेराव्यापर्यंत राहिला आणि बापाशी न बोलता गेला. त्यानंतर आधी फोन कुणी करायचा, यावर दोघेही अडून बसले. चार वर्षं झाली. संध्याकाळी फ्लॅट खायला उठायचा.

दिनानाथांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. ज्ञानकोशातही त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम आपणहून अंगावर घेतलं. असंच एकदा ते भुईगावच्या पानावर पोचले.

ते पान 'वाडीवाला' नावाचा कुणी सदस्य लिहीत होता. त्याने स्वतःची ओळख दोनच ओळींत उरकली होती: हौशी माणूस, सवडीने लिहितो, भुईगावात केळीची वाडी आहे. लिहायचा मात्र जीव ओतून. विहिरी, बागा, लग्नातली गाणी, सगळं होतं, आणि पुरावा कशालाच नव्हता. दिनानाथांनी वाक्यावाक्यामागे 'संदर्भ हवा' अशी खूण चिकटवली. दुसरा एखादा भांडला असता. वाडीवाला मुकाट्याने पुस्तकं, चर्चच्या स्मरणिका धुंडाळून एकेक संदर्भ आणून द्यायचा.

एके सकाळी लेखाच्या मधोमध 'कककककक' असं उमटलं. चर्चा पानावर लगेच खुलासा आला. 'माफ करा, नात मांडीवर होती. आईबाप कामाला गेले की ती माझ्याकडेच.'

दिनानाथांनी ते काढून टाकलं आणि कारणाच्या रकान्यात शिस्तीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.'

पुढे हे नेहमीचंच झालं. कधी 'मममम', कधी नुसत्या वेलांट्या. दिनानाथ सकाळी चहाचा कप घेऊन बसायचे ते आधी पोरीने आज काय उमटवलंय ते शोधायला. मधे काही दिवस काहीच आलं नाही, तेव्हा त्यांनी न राहवून विचारलं. तिला ताप होता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. परक्याच्या पोरीचा एवढा घोर लागावा, याचं त्यांना हसूही आलं.

मग ते वाक्य आलं. 'आमच्याकडे थोरल्या नातीला बापाच्या आईचं नाव ठेवतात.'

दिनानाथांनी खूण लावली. वाडीवाल्याने बरंच शोधलं, पण छापील काही सापडेना. नियमाप्रमाणे वाक्य काढावं लागेल, असं दिनानाथांनी कळवलं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. 'खोडू नका. संदर्भ घरी आहे. रविवारी येऊन बघा.'

जुनी कागदपत्रं असणार, दिनानाथांनी ताडलं. जावं की नाही, ठरेना. पण दिवसाकाठी त्यांच्याशी दोन शब्द बोलणारा हा एकच माणूस उरला होता. वाक्य खोडलं तर तोही तुटणार. एकदा अडून बसून काय मिळवलं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी चिक्कीचा पुडा घेतला आणि निघाले.

भुईगावात रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. केळींमधून वाट काढत ते घराशी पोचले, तर पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस पायरीवर वाट बघत उभा होता.

"मी आलोशियस. तुमचा वाडीवाला. या, बसा."

आतून एक तरुण बाई पाणी घेऊन आली. आलोशियसनी मुलगी म्हणून तिची ओळख करून दिली, क्लेमेंटीन. पेला ठेवून तिने एकदम वाकून दिनानाथांच्या पायांना हात लावला आणि आत गेली. काय अगत्याची माणसं आहेत, असं त्यांना वाटलं.

पावसापाण्याचं बोलून झालं. चहा झाला. अखेर दिनानाथांनी हसत आठवण केली, "तेवढा संदर्भ?"

आलोशियस हसले नाहीत. "कुवळेकर, तुम्ही भुईगावच्या पानावर आलात त्या दिवशीच मी तुमचं ओळखीचं पान वाचलं होतं. त्याच्या इतिहासासकट. तिथे खोडलेलं वाक्यही राहतं."

दिनानाथांना काहीच उमगेना. असतील त्यांचे काही बारकावे, म्हणून त्यांनी मान हलवली.

"ये गं बाय," आलोशियसनी हाक मारली.

दाराआडून एक तीन-साडेतीन वर्षांची पोर आली. फ्रॉकचं टोक तोंडात, डोळे चिक्कीच्या पुड्यावर. हीच ती 'कककक'वाली. दिनानाथांना भरून आलं. त्यांनी पुडा पुढे केला आणि नाव विचारलं.

तिने आजोबांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. बालवाडीसाठी पाठ करून घेतलेलं असावं, तसं हात मागे बांधून ती एका दमात म्हणाली,

"आशालता जितेश कुवळेकर."