उलट्या विणीची रोवळी

रोवळीला हात लावू नये, अशी पाटी होती. म्हणून महिपत हात मागे बांधून तिच्याखाली उभा होता.

रोवळी छताला उलटी टांगलेली होती आणि तिच्या पोटात दिवा पेटवलेला होता. गावात जिच्यात तांदूळ धुतात तिला इथं ‘चांदणं’ असं नाव दिलं होतं, आणि शिकलेली माणसं माना वर करून वा वा करत होती. एरवी महिपतला हसू आलं असतं. बागेसाठी फवारणीचं औषध न्यायला तो रत्नागिरीला आला होता. एसटीला अवकाश होता, मारुती मंदिराजवळच्या सभागृहात नव्या धाटणीच्या हातकामाचं प्रदर्शन लागलं होतं, आत पंखे होते, म्हणून शिरला. आता पंख्याखालीही त्याला घाम फुटला होता.

रोवळीची वीण उलटी होती, डावखुऱ्या हाताची. तेवढ्यानं काही होत नाही. डावखुरी माणसं जगात काय थोडी आहेत? पण काठाखालच्या तिसऱ्या फेऱ्यात बांबूची एक कामटी मुद्दाम सोडलेली होती. त्या फटीतून उजेडाचा एक ठळक ठिपका समोरच्या भिंतीवर पडला होता.

सखू असंच करायची. पोराला तीट लावतात, तसं रोवळीलाही दृष्ट लागू नये म्हणून एक फट ठेवायची. ही खोड तिनं माहेराहून आणली होती आणि दुसऱ्या कुणाच्या हातात महिपतनं ती कधी पाहिली नव्हती.

सखू म्हणजे त्याची बायको. ती नाहीशी झाली त्याला पावणेचार वर्षं झाली होती. मुंबईला कुणाचा तरी हात धरून गेली, असं गाव म्हणालं. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? महिपतनं पोलिसांत खबर दिली. फोटो घेऊन लालबागपासून विरारपर्यंत पायपीट केली. दुसरं लग्न केलं नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या.

जुनी असेल, त्यानं मनाची समजूत घातली. कुठल्या तरी बाजारात विकलेली, फिरत फिरत इथं आलेली. तो टाचा उंचावून जवळ गेला. कामट्या अजून हिरव्या होत्या आणि त्यांना ओल्या बांबूचा वास येत होता. बांबू तोडून पंधरा दिवससुद्धा झाले नसतील.

“आवडली का, काका?” मागून आवाज आला.

प्रदर्शन भरवणारी वेदिका होती ती. इथलीच, आंबेवाल्यांच्या घरातली, बाहेर शिकून परत आलेली. महिपतनं खिशातून फोटो काढून तिच्यापुढे धरला.

“ही विणते काय?”

वेदिकानं फोटो उजेडात नेला. हीच, ती म्हणाली. आता थोडी वाळलीय, पण हीच. दर गुरुवारी येते, रोवळ्या ठेवते आणि जाते. फोन नाही तिच्याकडे. आज चारला येऊन लोकांसमोर विणून दाखवणार आहे. बोलता बोलता तिला उलगडलं आणि तिचे डोळे भरून आले. “काका, तुमच्या घरातल्या आहेत का त्या?”

“काय बोलते ती?” महिपतनं विचारलं. “माझ्याबद्दल काय बोलली?”

फारसं काही नाही, वेदिका म्हणाली. घरी कोण असतं विचारलं तर म्हणाली, नवरा असतो, बागेत राबतो. तक्रार म्हणून कधी केली नाही.

“आणि गावातलं? घरातलं? काय सांगितलं आसंल की.”

काही नाही, वेदिका पुन्हा म्हणाली. सखूला भाऊ आहे हे महिपतच्या बोलण्यातून कळल्यावर त्याला लगेच फोन लावू या, असा तिनं आग्रह धरला. सखारामचा नंबर महिपतच्या फोनमध्ये होता. दर शिमग्याला तो बहिणीची चौकशी करायचा आणि रडायचा. पण महिपतनं फोन खिशातून काढलाच नाही.

“नको, बाय. आधी मी बघतो.”

एवढ्या वर्षांनी हातातोंडाशी आलेलं सुख माणूस लगेच वाटून घेत नाही, वेदिकाला वाटलं. तिनं त्याला चहा दिला. एसटी सुटायची वेळ टळून गेली. उठून चालू पडावं असं महिपतला दोनदा वाटलं, आणि दोनदा तो तसाच बसून राहिला. खरं काय ते बघितल्याशिवाय गेला असता, तर घरी त्याला घास गिळवला नसता.

चार वाजता सभागृहाच्या टोकाला गर्दी झाली. कॉलेजच्या मुली मोबाइल पुढे करून चटईभोवती बसल्या. बाईंचा नवरा आलाय, असं मुलींना सांगत वेदिकानं महिपतचा दंड धरून त्याला वाट काढून दिली.

चटईवर सखू बसली होती. डावा हात सरसर चालत होता, कामट्यांचा बारीक कुरकुर आवाज येत होता. एका मुलीनं काही विचारलं, त्यावर मान खाली घालूनच ती हसली. सगळ्यांना ती दिसत होती, सगळ्यांशी बोलत होती. महिपत चटईच्या काठाशीच थांबला.

तिनं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं.

“आलाव?” ती म्हणाली. “कुंपणाकडच्या कलमाला यंदा पयला मोहर आला ना ओ?”

मुलींना गंमत वाटली. इतक्या दिवसांनी नवरा भेटला आणि बाई विचारते काय, तर आंब्याचं! वेदिकानं डोळे पुसत महिपतला पुढे ढकललं.

आला होता. ते कलम महिपतनं एकट्यानं लावलं होतं, पावणेचार वर्षांपूर्वी, कातळात पुरुषभर खड्डा खणून, सखूच्या अंगावर.